रबरवेल: एका शोभेच्या वेलीची ओळख, प्रसार आणि नियंत्रण

रबरवेल (क्रिप्टोस्टेजिया ग्रँडिफ्लोरा) ही मादागास्कर बेटाच्या नैऋत्य भागातील मूळची काष्ठमय वेल आहे. चकचकीत पाने, फिकट जांभळी मोठी फुले आणि पाण्यावाचून तग धरण्याची ताकद या गुणांमुळे एकोणिसाव्या शतकात ती उष्ण कटिबंधातील अनेक देशांच्या बागांत पोहोचली. त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी ती बागेबाहेर पडून रानात रुजली. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात तिने नदीकाठची जंगले आणि गुरांची कुरणे एवढ्या मोठ्या प्रमाणावर व्यापली की १९९९ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने जाहीर केलेल्या राष्ट्रीय महत्त्वाच्या पहिल्या वीस तणांत तिचा समावेश झाला. शोभेची वेल तण कशी बनते आणि आटोक्यात कशी आणता येते, याचा या वेलीइतका बारकाईने अभ्यास झालेली उदाहरणे थोडीच आहेत. त्यातून दिसते ते असे, की रबरवेलीवर एकच एक उपाय पुरत नाही. तिच्या बिया मात्र जमिनीत फार काळ जिवंत राहत नाहीत. नवे बी पडणे थांबवले आणि योग्य क्रमाने उपाय केले, तर ती हटते.

बागेतून रानात

या वेलीचे शास्त्रीय वर्णन मादागास्करमधील रानवेलीवरून नव्हे, तर भारतातील बागेत वाढवलेल्या रोपांवरून झाले. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी तिला कण्हेरीच्या वंशात धरले होते. १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी तिला आजचे नाव दिले. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच ती भारतीय बागांत आलेली होती.

क्वीन्सलंडमध्ये ती १८७५ च्या सुमारास शोभेची वेल म्हणून आणली गेली. तो काळ सोन्याच्या खाणींचा होता. चार्टर्स टॉवर्स, जॉर्जटाउन यांसारख्या उन्हाने करपणाऱ्या खाणवस्त्यांत फारसे काही टिकत नसे. तिथे घरांभोवती आणि वऱ्हांड्यांवर ही वेल लावली गेली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत ती वस्त्यांजवळच्या ओढ्या-नाल्यांत पसरल्याच्या नोंदी झाल्या होत्या.

तिच्या चिकात रबर असते, त्यामुळे बागेबाहेरही तिला मागणी आली. भारतात या रबराला ‘पालाय रबर’ म्हणत. १९४२ च्या आरंभी जपानने मलाया घेतल्यावर दोस्त राष्ट्रांचा रबराचा मुख्य पुरवठा तुटला आणि पर्यायी वनस्पतींचा शोध सुरू झाला. क्वीन्सलंडमध्ये चार्टर्स टॉवर्सजवळ या वेलीची चाचणी-लागवड झाली. सर्वांत मोठा प्रयोग हैतीत झाला. अमेरिकेच्या पैशावर १९४१ मध्ये स्थापन झालेल्या ‘शादा’ या हैती-अमेरिकी कृषी विकास कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, फळझाडे तोडली आणि हजारो एकरांवर रबरवेल लावली. पण चीक गोळा करण्यासाठी एकेका फांदीचे शेंडे छाटावे लागत. मजुरी प्रचंड आणि रबर नाममात्र, अशी अवस्था झाल्याने १९४४ मध्ये योजना गुंडाळली गेली. रबराचे पीक म्हणून ही वेल फसली; तण म्हणून मात्र तिचा विस्तार चालूच राहिला.

ओळख

रबरवेल कण्हेर आणि रुई यांच्या कुळातील (अपोसायनेसी) आहे. आधार नसेल तर ती एक-दोन मीटर उंचीचे, अनेक खोडांचे दाट झुडूप होऊन राहते. त्यातून चाबकासारखे लांब, बिनफांदीचे कोंब बाहेर पडतात. जवळपास झाड मिळाले की हे कोंब त्याला वेढत वर चढतात आणि तीस मीटर उंचीच्या झाडाचाही माथा झाकून टाकतात.

पाने समोरासमोर जोडीने येतात. ती जाड, गडद हिरवी आणि चकचकीत असून साधारण ६ ते १० सेंटीमीटर लांब व ३ ते ५ सेंटीमीटर रुंद असतात. मधली शीर बहुधा जांभळट असते. पान, कोवळा कोंब किंवा कच्ची शेंग तोडली की पांढरा दुधट चीक वाहतो.

फुले पाच पाकळ्यांची, नरसाळ्याच्या आकाराची आणि सुमारे पाच सेंटीमीटरची असतात. रंग पांढरट गुलाबीपासून फिकट जांभळ्यापर्यंत बदलतो. ओल मिळाली तर वर्षात केव्हाही फुले येतात, पण मुख्य बहर पावसाळ्यात असतो.

सर्वांत खात्रीची खूण म्हणजे शेंगा. एकाच देठावर दोन कडक, तीनधारी, टोकाकडे निमुळत्या शेंगा एकमेकींच्या विरुद्ध दिशांना तोंड करून येतात. त्यांची लांबी १० ते १२ सेंटीमीटर असते. वाळल्यावर त्या एका बाजूने उकलतात आणि रेशमी झुपका असलेल्या चपट्या तपकिरी बिया बाहेर पडतात. फुले नसतानाही अशा जोडशेंगांवरून वेल लांबून ओळखता येते.

तरीही गल्लत होऊ शकते. या वंशात दोनच जाती आहेत आणि दोन्ही मूळच्या मादागास्करच्याच. दुसरी जात, क्रिप्टोस्टेजिया मादागास्करिएन्सिस, हीसुद्धा शोभेसाठी जगभर लावली गेली. तिची फुले लहान आणि अधिक गडद असतात, शेंगाही आखूड असतात. दोघींना वेगळे करण्याची पक्की खूण फुलाच्या नळीच्या आत मिळते. तिथल्या पाच खवल्यांचे टोक रबरवेलीत दोन तंतूंत दुभंगलेले असते, तर दुसऱ्या जातीत ते अखंड असते. नियंत्रणासाठी रोगकारक बुरशी निवडताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

उत्तर ऑस्ट्रेलियात जिम्नँथेरा ऑब्लाँगा ही स्थानिक वेल हिच्याशी गोंधळली जाते. पानांची जोडी, चीक आणि रेशमी बिया तिलाही असतात, पण तिची फुले लहान, हिरवट-पांढरी आणि शेंगा सडपातळ असतात. स्थानिक वेल चुकून उपटली जाऊ नये म्हणून फूल किंवा शेंग पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये असा संकेत आहे. भारतात उतरण या कुळबंधूच्या बियांनाही असाच झुपका असतो. मात्र उतरणीची पाने हृदयाकृती, मऊ व लवयुक्त आणि शेंगा काटेरी असतात, त्यामुळे जवळून पाहिल्यास घोटाळा होत नाही.

प्रसार

एका शेंगेत ३४० ते ८४० बिया असतात आणि एक मोठी वेल एका बहरात आठ हजारांवर बिया देऊ शकते. बिया वाऱ्याने उडतात, पण लांबचा प्रवास पाण्याने होतो. पुरात बिया आणि शेंगा वाहत जाऊन खालच्या अंगाला गाळाच्या काठावर लागतात. रबरवेलीची लागण नदी-नाल्यांच्या कडेने पट्ट्यासारखी दिसते, ती यामुळे. तिथून ती हळूहळू माळाकडे सरकते.

वर्षाला ४०० ते १४०० मिलिमीटर पाऊस आणि मोठा कोरडा हंगाम असलेला प्रदेश तिला मानवतो. ताज्या बियांची उगवणशक्ती फार चांगली असते. पुरेशी ओल मिळाली तर बहुतेक बिया दहा दिवसांत रुजतात. याचीच दुसरी बाजू अशी, की रुजल्या नाहीत त्या साधारण वर्षभरात मरतात. अनेक तणांच्या बिया मातीत दहा-वीस वर्षे निद्रिस्त राहतात आणि एवढ्या काळाची देखरेख कोणालाच झेपत नाही. रबरवेलीत ती अडचण नाही.

रोप लहान असताना गवताशी टक्कर देताना कमी पडते. जिथे गुरांनी गवत खरवडून खाल्लेले असते, तिथे ही टक्करच उरत नाही. रोपाची मुळे खोल गेली की नंतरच्या दुष्काळातही ते टिकते. त्यामुळे अतिचराई हे प्रसाराचे एक मोठे कारण मानले जाते.

नुकसान

१९९० च्या दशकापर्यंत ही वेल क्वीन्सलंडच्या सुमारे एक पंचमांश प्रदेशात कमी-अधिक दाटीने पसरली होती. हा पट्टा महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाहून मोठा भरतो. प्रत्यक्ष दाट लागण अर्थातच त्याहून पुष्कळ कमी, सुमारे सात लाख हेक्टरांवर होती.

पहिला फटका नदीकाठच्या जंगलाला बसतो. निलगिरीच्या जातींची आणि इतर उंच झाडे वेलीच्या छताखाली जातात, त्यांना सूर्यप्रकाश मिळत नाही आणि काही वर्षांत ती मरतात. खाली गवत उगवत नाही. उत्तर क्वीन्सलंडमधील अभ्यासात स्थानिक सरडे रबरवेलीच्या पाचोळ्याकडे फिरकत नसल्याचे आढळले. तिथे ऊब कमी मिळते आणि भक्ष्य किडेही कमी सापडतात. या वेलीचा फायदा घेणारे जीव मोजके आहेत. हबशी फुलपाखराच्या अळ्या तिची पाने खातात. भारतातही त्या या वेलीवर वाढतात.

दुसरा फटका पशुपालनाला बसतो. गवताचे क्षेत्र घटते, गुरे पाण्यापर्यंत पोहोचत नाहीत, दाट जाळीत शिरलेली गुरे बाहेर काढणे कठीण होते आणि कुंपणांची डागडुजी वाढते. १९९५ च्या अंदाजानुसार क्वीन्सलंडच्या गोमांस उद्योगाला दरवर्षी सुमारे १.८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा तोटा होत होता. शिवाय वेल विषारी आहे. कण्हेरीप्रमाणे हिच्यातही हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी ग्लायकोसाइड द्रव्ये असतात. जनावरे सहसा तिला तोंड लावत नाहीत, पण दुष्काळात चारा संपला की खातात. घोड्यांना धोका अधिक असतो, आणि पाला खाल्लेला घोडा धावपळ झाल्यावर दगावतो. माणसाच्या त्वचेवर चीक पडला तर आग होते आणि फोड येतात, म्हणून तोडताना हातमोजे आणि चष्मा वापरावा लागतो.

नियंत्रणाच्या पद्धती

यांत्रिक उपाय. तुरळक रोपे मुळासकट उपटणे किंवा खणून काढणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. बुंध्याचा जमिनीतला भाग राहिला तर पुन्हा फूट येते, म्हणून मूळ खालून तोडावे लागते. सपाट माळावरील मध्यम दाटीच्या लागणीत ट्रॅक्टरमागचा पात्याचा नांगर जमिनीखालून मुळे कापत नेतो. ओल्या, उताराच्या नदीकाठावर यंत्रे चालवता येत नाहीत, माती उघडी पडून धूप होते आणि उघड्या मातीत बी अधिक रुजते. नुसती वरून छाटणी पुनःपुन्हा केली तरच उपयोगी पडते.

रासायनिक उपाय. तणनाशक देण्याच्या चार रीती प्रचलित आहेत. पहिली पानांवर फवारणी. वेल जोमाने वाढत असेल आणि पाने निरोगी असतील तेव्हाच ती लागू पडते. उन्हाने मलूल झालेल्या किंवा तांबेरा पडलेल्या पानांतून औषध आत जात नाही. दुसरी रीत बुंध्यावर फवारणीची. ट्रायक्लोपिर आणि पिक्लोरम यांचे मिश्रण डिझेलमध्ये मिसळून जमिनीलगतच्या खोडाला सर्व बाजूंनी भिजवतात. अनेक खोडे असतील तर एकही सुटता कामा नये. तिसरी रीत छाटून लावण्याची. खोड जमिनीपासून १५ सेंटीमीटरच्या आत कापून ताज्या कापावर लगेच तेच मिश्रण लावतात. कष्ट अधिक, पण खात्री सर्वांत जास्त. चौथ्या रीतीत टेबुथियुरॉनसारखी दाणेदार औषधे मातीत टाकतात आणि पावसाने ती मुळांपर्यंत जातात. मात्र ती शेजारच्या झाडांची मुळेही मारतात, म्हणून नदीकाठी आणि राखायच्या झाडांजवळ वर्ज्य ठरतात. कोणते औषध कुठे आणि किती वापरता येते हे त्या त्या देशाच्या नोंदणीवर अवलंबून असते. लेबलवरील सूचनेबाहेर वापर केल्यास पाणी दूषित होण्याचा धोका असतो. हजारो हेक्टरांवर औषध मारणे खर्चामुळेच अशक्य होते.

आग. चार्टर्स टॉवर्स भागातील प्रयोगांनी दाखवले की पुरेसे गवत असलेल्या जमिनीवर कोरड्या हंगामात लावलेली आग रबरवेलीची बरीच झाडे मारते, लहान रोपे तर जवळजवळ सर्वच. त्याच प्रदेशात भारतीय उपखंडातून गेलेले बोरही तण झाले आहे, पण बोर आगीनंतर बुंध्यातून पुन्हा फुटते. रबरवेलीत ही क्षमता कमी आहे. प्रचलित शिफारस दोन आगींची आहे. पहिली आग जाळी मोकळी करते आणि गवताला जागा देते. पुढच्या एक-दोन वर्षांत गवत वाढले की दुसरी आग नवी रोपे आणि वाचलेल्या वेली मारते. आगीआधी आणि नंतर काही महिने गुरे बंद ठेवावी लागतात, नाहीतर जाळायला गवतच उरत नाही. आगीला न सरावलेल्या नदीकाठच्या आणि कोरड्या वर्षावनांच्या पट्ट्यांत हा उपाय वापरत नाहीत, कारण तिथे वेलीआधी झाडेच मरतात.

जैविक नियंत्रण. दुर्गम दऱ्या आणि प्रचंड क्षेत्र पाहता माणसाने हाताळायचे उपाय अपुरे आहेत, हे लक्षात आल्यावर वेलीच्या मूळ देशातील शत्रूंचा शोध मादागास्करमध्ये घेतला गेला. १९८८ मध्ये युक्लास्टा व्हॅलेयी हा पतंग क्वीन्सलंडमध्ये सोडला गेला. त्याच्या अळ्या पाने खातात. पतंग टिकला, पण त्याचा प्रादुर्भाव जागोजागी आणि हंगामानुसार कमी-जास्त राहिला. कोरड्या भागांत त्याचे काम अधिक दिसते.

खरा बदल घडवला तो मारावेलिया क्रिप्टोस्टेजिए या तांबेरा बुरशीने. गव्हावरील तांबेऱ्याप्रमाणे हीही ठरावीक यजमानावरच जगते. ऑस्ट्रेलियात सोडण्यापूर्वी अनेक वनस्पतींवर तिची चाचणी झाली. जिम्नँथेरासारख्या जवळच्या स्थानिक नातेवाइकांवर प्रयोगशाळेत थोडी लागण दिसली. हा धोका तोलूनच परवानगी दिली गेली आणि १९९५ मध्ये बुरशी सोडण्यात आली. पानाच्या खालच्या बाजूला तिचे पिवळे-नारिंगी बीजाणू येतात, ते वाऱ्याने पसरतात, पान पिवळे पडून गळते. काही वर्षांतच बुरशी क्वीन्सलंडमधील वेलीच्या जवळजवळ संपूर्ण क्षेत्रात पोहोचली.

बुरशी मोठ्या वेलीला सहसा एका फटक्यात मारत नाही. दर पावसाळ्यात पाने गळाल्याने वेलीचा साठा नवी पाने फोडण्यात खर्च होतो. फुले आणि शेंगा घटतात, लांब कोंब वर चढत नाहीत, लहान रोपे मरतात. बियांचा साठा आधीच अल्पायुषी असल्याने नवी भरती झपाट्याने आटते. शिवाय पाने गळाल्यावर जमिनीवर ऊन पडते आणि गवत परत येते. हे गवत आणि गळलेला पाला आगीला इंधन पुरवतात. ज्या दाट जाळीत पूर्वी आग शिरतच नसे, तिथे ती आता लागू पडते. बुरशीला दव किंवा पाऊस हवा असतो, त्यामुळे कोरड्या वर्षांत ती मंदावते आणि वेल थोडी सावरते. तरीही २००६ मधील एका आर्थिक आढाव्यानुसार या जैविक नियंत्रणावर खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे शंभराहून अधिक डॉलरचा लाभ झाला.

उपायांचा मेळ

अनुभवातून एक क्रम ठरला आहे. आधी पाहणी करून लागणीचे तुरळक, मध्यम आणि दाट असे भाग पाडतात. काम तुरळक भागांपासून आणि प्रवाहाच्या वरच्या अंगापासून सुरू होते, कारण वरची एक शेंगधारी वेल खालची सारी मेहनत पुरात वाया घालवते. तुरळक वेली खणून, छाटून किंवा बुंध्यावर औषध लावून संपवतात. मध्यम भागात आग आणि नंतर उरलेल्यांवर औषध देतात. दाट भागात आधी तांबेऱ्याला वेल दुबळी करू देतात, गवत आले की आग लावतात आणि शेवटी हातकाम करतात. शेंगा उकलण्याआधी काम झाले तर एक पूर्ण वर्ष वाचते. त्यानंतर किमान दोन पावसाळे आणि प्रत्येक मोठ्या पुरानंतर पाहणी करून नवी रोपे काढावी लागतात. हे टाळले तर मोकळी झालेली जागा पुन्हा भरते.

जिथे वेल अजून थोडीच आहे तिथे उद्दिष्ट वेगळे असते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात फिट्झरॉय नदीवर विलारेजवळ आणि लेक अर्गाइल येथे लागण सापडल्यावर ती आटोक्यात ठेवण्याऐवजी समूळ उखडण्याची मोहीम हाती घेतली गेली. अशा मोहिमेत हेलिकॉप्टरमधून शोध घेऊन एकेक वेल गाठावी लागते. शेवटच्या काही वेलींवरचा दरवेलीमागचा खर्च अफाट असतो, पण नवा प्रदेश गमावण्यापेक्षा तो कमीच पडतो. क्वीन्सलंडच्या २०१४ च्या जैवसुरक्षा कायद्याने ही वेल विकणे, वाटणे किंवा निसर्गात सोडणे निषिद्ध केले आहे.

अन्य देश आणि भारत

ईशान्य ब्राझीलमध्ये हीच समस्या दुसऱ्या जातीने निर्माण केली. सेआरा आणि रिओ ग्रांदे दो नोर्ते राज्यांत क्रिप्टोस्टेजिया मादागास्करिएन्सिस कार्नाउबा ताडांवर चढून त्यांना मारते. या ताडाच्या पानांवरचे मेण हा तिथल्या हजारो कुटुंबांच्या उपजीविकेचा आधार आहे. त्या वेलीवरही तोच तांबेरा वापरण्याच्या दिशेने संशोधन झाले, मात्र त्यासाठी त्या जातीला लागणारा बुरशीचा प्रकार मादागास्करमधून शोधावा लागला. एका जातीवर चालणारा प्रकार दुसरीवर तितका प्रभावी असेलच असे नाही. वेलीची अचूक ओळख न पटवता जैविक नियंत्रण सुरू करता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

भारतात रबरवेल दोनशेहून अधिक वर्षे आहे. बागांतून सुटून ती महाराष्ट्रासह दख्खनच्या कोरड्या भागात, तसेच गुजरात आणि राजस्थानात कुंपणांवर, रस्त्याकडेला आणि ओढ्यांच्या काठी आढळते. क्वीन्सलंडमध्ये तिला मानवलेले हवामान, म्हणजे मोसमी पाऊस, लांब कोरडा काळ आणि चराईची जमीन, इथेही आहे. म्हणून इथले उपाय सुरुवातीच्या टप्प्याचे असायला हवेत. रोपवाटिकांनी तिची विक्री टाळणे, बागेतील वेलींच्या शेंगा हिरव्या असतानाच काढून नष्ट करणे, ओढ्याकाठी दिसलेली वेल पावसाळ्यापूर्वी मुळासकट काढणे आणि पुढची दोन वर्षे त्या जागेची पाहणी करणे एवढ्यावर हे काम भागते. वेल नदीपट्ट्यात दाट झाल्यावर लागणाऱ्या यंत्रे, औषधे, आग आणि बुरशी यांच्या तुलनेत याचा खर्च नगण्य आहे.